पाकिटातील जुने पान : एका व्यापारी रीतीचा इतिहास

१

धान्य मापून झाल्यावर वाण्याने गिऱ्हाइकाच्या पदरात आणखी एक मूठ टाकावी, अथवा भाजीच्या वाट्यावर माळणीने चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या ठेवाव्या, ही रीत महाराष्ट्रातील बाजारात सर्वांच्या परिचयाची आहे. या 'वर घालण्या'ची तीन लक्षणे सांगता येतील. जे वर घातले जाते ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घातले जाते. ते नसले तरी सौदा पुरा झालेला असतो. आणि ते मिळावे म्हणून कोणी मूळ माल विकत घेत नाही. मिरच्यांसाठी वांगी घेणारे गिऱ्हाईक कोणी पाहिलेले नाही.

गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या साध्या रीतीचे रूप पालटत गेले. प्रथम मुठीच्या जागी छापील चित्र आले. पुढे ते पाकिटाच्या आत जाऊन अदृश्य झाले. त्यानंतर एकाच मालाच्या निरनिराळ्या पाकिटांत कमीअधिक दुर्मीळ चित्रे घालण्याची युक्ती निघाली. या क्रमाची शेवटची पायरी आजच्या काळातील आहे. संग्राह्य चित्रपानांच्या नव्या पाकिटांत, काही थोड्या भाग्यवंतांना मिळावे म्हणून, वीसतीस किंवा शंभर वर्षांपूर्वीचे मूळ पान, आणि काही ठिकाणी तर त्या काळचे न फोडलेले सबंध पाकीट, गुपचूप घालून ठेवण्यात येते. अशा रीतीने जुनेपण हेच नव्या मालावरचे बक्षीस झाले आहे.

हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतील आणि जपानी खेळांच्या व्यापारातील असला, तरी त्याचा विचार महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास परका नाही. मालाबरोबर आलेल्या चित्राचा मोठा इतिहास याच प्रदेशात घडलेला आहे. त्या इतिहासाच्या उजेडात पाहिल्यास या नव्या रीतीतील मर्म, आणि तिच्यामुळे इतिहाससंशोधनाची होणारी हानी, ही दोन्ही स्पष्ट होतात.

२

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील खुटबाव हे लोहमार्गावरील लहानसे स्थानक आहे. पुण्याहून पूर्वेस निघालेली गाडी लोणी, उरुळी, यवत ही स्थानके मागे टाकून खुटबावला येते आणि पुढे केडगाव, पाटस करीत दौंडला पोहोचते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ च्या जून महिन्यात आणि पुणे ते दिकसाळ हा भाग त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाला. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ लोहमार्गाने पार केला जाऊ लागला, तेव्हा मुंबईचे बंदर आणि भीमेचे खोरे एका अखंड मार्गाने जोडले गेले. मुंबईस उतरलेले किंवा मुंबईत तयार झालेले कापड, साबण, काड्यांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या असा बांधीव माल ज्या वाटेने भीमेकाठच्या बाजारपेठांत येऊ लागला, ती वाट खुटबावच्या शिवारातून जाते. मालाच्या वेष्टनावरील चित्रही त्याच गाडीने आले.

या मार्गावर खुटबावच्या पश्चिमेस, लोणावळ्यानजीक, मळवली हे स्थानक आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे शिळाछापाचा कारखाना काढला. जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने तेथे रंगीत चित्रे छापली जाऊ लागली. हा कारखाना १८९९ च्या सुमारास मळवली येथे हलविण्यात आला, आणि १९०३ मध्ये तो फ्रित्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. चित्रपटाच्या क्षेत्रात पुढे कीर्ती मिळविलेल्या दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काही काळ काम केले होते. पुण्यात याच्याही आधी, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना निघाला होता, आणि त्याची देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली होती. ही चित्रे विकत मिळत. परंतु एकदा रंगीत छपाई स्वस्त झाली आणि चित्राची चटक लोकांस लागली, तेव्हा व्यापाऱ्याने ते चित्र मालाबरोबर देण्यास आरंभ केला. परदेशी साबणाच्या आणि लहान मुलांच्या औषधांच्या कंपन्यांनी आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकांवर बाळकृष्ण, लक्ष्मी, सरस्वती यांना आणले ते याच कारणाने.

कापडाच्या ताग्यावरील छापांची कथा अशीच आहे. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडावर रंगीत चित्रांची तिकिटे डकविलेली असत. मुंबईत कावसजी दावर यांच्या १८५४ मधील उद्योगापासून गिरण्यांचा विस्तार होत गेल्यावर देशी गिरण्यांनीही तीच प्रथा उचलली. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकास माल ओळखण्याची खूण म्हणजे ते चित्र. हत्तीछाप किंवा मोरछाप मागितला म्हणजे झाले. खूण इतक्या महत्त्वाची ठरल्यामुळेच तिची नक्कलही होऊ लागली, आणि १८८९ मध्ये व्यापारी खुणांविषयीचा कायदा करावा लागला. त्याच कायद्याने ताग्यावर कापडाची लांबी छापण्याचेही बंधन घातले. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. चित्र कितीही मोहक असले, तरी गिऱ्हाइकास आत किती वार कापड आहे हे बाहेरून कळले पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते.

कापड वापरून फाटले, परंतु ताग्यावरचे चित्र पुष्कळ वेळा टिकले. घरातील बाया ते अलगद सोडवून पत्र्याच्या पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस डकवीत, कोनाड्यात लावीत, आणि देवाचे चित्र असल्यास देव्हाऱ्याजवळ ठेवीत. काड्यांच्या पेट्यांवरील छाप मुलांनी गोळा केले. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी १९२३ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना कल्याणजवळ अंबरनाथ येथे उभा राहिला. तेव्हापासून काडेपेटी ही अगदी गरिबाच्या घरी जाणारी छापील चित्राची वस्तू ठरली.

या सर्व प्रकारांत जुन्या 'वर घालण्या'ची लक्षणे बहुतांशी कायम होती. चित्र बाहेर होते व दिसत होते. एका जातीच्या मालाच्या प्रत्येक नगावर ते एकच होते. ते मिळविण्यासाठी नशिबाची गाठ घालावी लागत नव्हती. त्याचे पुढे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकारही सर्वस्वी घरच्या माणसांचा होता. ते जपले तर घरच्या आवडीने जपले गेले, नष्ट झाले तर वापराने नष्ट झाले. उद्या त्याला किंमत येईल या हिशेबाने ते कोणी जपले नव्हते.

३

चित्र पाकिटाच्या आत शिरले ते तंबाखूच्या व्यापारात. अमेरिकेतील कागदी सिगारेट-पाकिटे मऊ असत. ती दबून आतील सिगारेटी मोडू नयेत म्हणून जाड कागदाचा एक तुकडा आत घालीत. १८८० नंतरच्या दशकात व्हर्जिनियातील रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर यांसारख्या कंपन्यांनी या कोऱ्या तुकड्यावर नट्यांची, खेळाडूंची, पक्ष्यांची चित्रे छापण्यास आरंभ केला. इंग्लंडात विल्स कंपनीने हीच पद्धत उचलली. आधार देणारा पुठ्ठा अशा रीतीने संग्राह्य वस्तू बनला.

येथे एक नवी कल्पना दाखल झाली. ती 'माले'ची कल्पना होय. पंचवीस किंवा पन्नास चित्रांची एक माला जाहीर करावयाची, प्रत्येक चित्रावर तिच्यातील क्रमांक घालावयाचा, आणि एका पाकिटात एकच चित्र ठेवावयाचे. ज्याला माला पुरी करावयाची त्याला एक तर पुनःपुन्हा पाकिटे घेतली पाहिजेत, नाही तर दुसऱ्याशी अदलाबदल केली पाहिजे. पूर्वीचे चित्र पुरे होते. या चित्राला अपुरेपण जन्मतःच चिकटले, आणि ते अपुरेपणच मालाचा खप वाढविणारे यंत्र ठरले.

महाराष्ट्रातील गंजिफांशी तुलना केली असता हा फरक अधिक उठून दिसतो. गंजिफांचा खेळ इराणी परंपरेतून हिंदुस्थानात आला. बाबराने १५२७ मध्ये गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. महाराष्ट्रात या खेळाला दशावतारी रूप मिळाले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, मिळून एकशेवीस पानांचा हा संच. सावंतवाडीचे चितारी ही वाटोळी पाने हाताने रंगवून त्यांवर लाख चढवीत. ही कला लोप पावत असता शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला आश्रय दिला आणि १९७० नंतरच्या काळात तिचे पुनरुज्जीवन झाले. गंजिफांत पानाची पाठ सारखी असते आणि कोणाच्या हाती काय आले हे गुप्त असते. परंतु संच विकत घेणारास एकशेवीसही पाने मिळतात. मत्स्याचा राजा मिळेल की नाही ही चिंता गिऱ्हाइकास नसते, ती खेळणारास असते. म्हणजे नशीब खेळात होते, खरेदीत नव्हते. तंबाखूच्या पाकिटाने नशीब खेळातून काढून खरेदीत आणले, आणि आधुनिक चित्रपानांचा सारा व्यापार या एका स्थलांतरावर उभा आहे.

४

दुर्मीळता प्रथम हेतुपुरस्सर निर्माण झालेली नव्हती. ती हानीतून आलेली होती. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या बेसबॉल खेळाडूंच्या एका माळेत होनस वॅग्नर या खेळाडूचे चित्र थोडेच छापून बंद झाले. त्याच्या उपलब्ध प्रतींपैकी एक २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरांस विकली गेली. टॉप्स या च्युइंग गमच्या कंपनीने १९५२ मध्ये बेसबॉलची मोठी माला काढली. तिचा उत्तरार्ध हंगामाच्या शेवटी बाजारात आल्यामुळे खपला नाही, आणि उरलेला माल गोदामात पडून राहिला. ती माला घडविणारे साय बर्गर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे १९६० मध्ये हा सारा माल तराफ्यावर घालून अटलांटिक महासागरात बुडविण्यात आला. त्या मालेतील मिकी मँटल या खेळाडूच्या एका उत्तम प्रतीस २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलर मिळाले. ज्या चित्राला एकदा फुकटही कोणी घेईना, त्याची ही किंमत. पानाच्या अंगी असलेल्या गुणामुळे ती आली नाही, त्याची भावंडे नाहीशी झाल्यामुळे आली. आयांनी आवराआवरीत फेकलेली खोकी, सायकलीच्या चाकात अडकवून झिजविलेली पाने, रद्दीत गेलेले गठ्ठे, हीच त्या किमतीची खरी मूळधने होत.

उत्पादकांनी या घटनेवरून धडा घेतला. नाशाची वाट न पाहता दुर्मीळता छापतानाच घालता येते, हे त्यांच्या ध्यानी आले. अपर डेक या कंपनीने १९९० मध्ये रेगी जॅक्सन या खेळाडूच्या हस्ते सही केलेली व क्रमांक घातलेली २,५०० पाने आपल्या पाकिटांत विखरून ठेवली. १९९३ मध्ये रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ निघाला, त्यात साधी, मध्यम आणि दुर्मीळ अशी पानांची प्रतवारी खेळाच्या रचनेतच होती. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनची पाने आली आणि १९९९ पासून ती अमेरिकेत पसरली.

महाराष्ट्रातील मुलांस या प्रकाराची ओळख मुख्यतः खाद्यपदार्थांच्या पुड्यांतून झाली. च्युइंग गमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रे आणि पुढे बटाट्याच्या चकत्यांच्या पाकिटांतील 'टॅझो' नामक वाटोळ्या चकत्या यांनी शाळेच्या मधल्या सुटीत अदलाबदलीचा एक बाजारच मांडला. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानिया कंपनीने बिस्किटांच्या वेष्टनांवर धावा छापून त्या जमविणारांसाठी इंग्लंडच्या प्रवासाची योजना काढली, तेव्हा रिकामी वेष्टने जपून ठेवण्याचा छंद घराघरांत शिरला. या ठिकाणी आरंभीचे नाते पुरते उलटे झालेले दिसते. पूर्वी वांग्यांवर मिरच्या येत, आता मिरच्यांसाठी वांगी घेतली जाऊ लागली.

५

जुने पान नव्या पाकिटात घालण्याची रीत या पार्श्वभूमीवर उदयास आली. टॉप्स कंपनीने १९९१ मध्ये आपल्या बेसबॉल-मालेचे चाळिसावे वर्ष साजरे करताना १९५२ ते १९९० या काळातील आपलीच मूळ पाने नव्या पाकिटांत मिसळली. २००१ मध्ये तिने १९५२ च्या धर्तीवर नवी पाने काढली आणि त्यांच्यात त्या वर्षाची काही खरी पाने घातली. २००२ मध्ये १९०९ च्या तंबाखूवाल्या मालेचे अनुकरण केलेल्या पाकिटांत त्या मालेची मूळ पानेही सापडू लागली. या पानांसाठी कंपनीस बाजारात उतरावे लागले. एके काळी एका गमच्या कांडीबरोबर दिलेली वस्तू तिला संग्राहकांकडून विकत घ्यावी लागली, आणि तीच पुन्हा पाकिटात घालून विकावयाची होती. ज्या कंपनीने १९६० मध्ये आपला माल समुद्रात लोटला, तिनेच तीस वर्षांनी त्याच जातीचा माल विकत घेण्यास निघावे, यात या व्यापाराचा सबंध इतिहास सामावलेला आहे.

'मॅजिक'च्या उत्पादकांनी २००९ च्या ऑक्टोबरात काढलेल्या झेंडिकार या संचाच्या पहिल्या छपाईत खेळाच्या आरंभकाळातील काही मूळ पाने कोणतीही आगाऊ जाहिरात न करता घातली. ती गिऱ्हाइकांस सापडू लागली तेव्हाच त्यांचा बोभाटा झाला. २०२२ मधील प्रकार याहून बोलका आहे. १९९४ मध्ये निघालेल्या लेजंड्स या संचाचा न फोडलेला साठा गोदामात सापडला, असे कंपनीने जाहीर केले. ती पाकिटे फोडून त्यांतील एकेक पान डॉमिनेरिया युनायटेड या नव्या संचाच्या महाग पाकिटांत घालण्यात आले. असे पान शंभरांत सुमारे तीन पाकिटांत निघेल, असा हिशेब होता.

तिसरा प्रकार मूळ उत्पादकांचा नसून पुनर्बांधणी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा आहे. निरनिराळ्या संचांची पाकिटे घाऊक घेऊन ती नव्या खोक्यात भरावयाची आणि काही थोड्या खोक्यांत वीसतीस वर्षांपूर्वीचे न फोडलेले पाकीट असल्याचे वरती छापावयाचे, अशी ही पद्धत आहे. पोकेमॉनच्या पानांची अशी खोकी अमेरिकेतील मोठ्या दुकानांत विकली गेली आहेत.

न फोडलेले जुने पाकीट ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. त्याची किंमत आतील पानांवर ठरते, परंतु आतील पाने कोणासही ठाऊक नसतात. ते फोडले की बहुधा साधी पाने निघतात आणि पाकिटाची किंमत क्षणात खाली येते. न फोडले तर ते पानांच्या दृष्टीने निरुपयोगीच राहते. म्हणजे येथे विकली जाते ती न संपलेली शक्यता होय. ही शक्यता निर्भेळ असतेच असे नाही. चकाकी असलेले पान साध्या पानापेक्षा किंचित जड असते. त्यामुळे सूक्ष्म काट्यावर वजन करून जड पाकिटे अगोदरच बाजूस काढण्याची आणि हलकी पाकिटे बाजारात सोडण्याची युक्ती या व्यापारात फार दिवसांपासून माहीत आहे. फोडलेले पाकीट पुन्हा चिकटवून विकण्याचे प्रकारही घडतात. असे हलके निवडलेले पाकीट ज्याच्या हाती बक्षीस म्हणून येते, त्याच्या दृष्टीने सोडत चिठ्ठी काढण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. वाण्याची मूठ डोळ्यांसमोर पदरात पडत असे, या गोष्टीचे मोल येथे कळते.

६

खरेदी आणि सोडत यांची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न हिंदुस्थानातील कायद्यापुढे पुष्कळ काळ उभा आहे. परवानगीवाचून सोडतीची कचेरी चालविणे हा गुन्हा ठरविणारे कलम १८७० मध्ये दंडसंहितेत घालण्यात आले. स्वातंत्र्योत्तर काळात शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांना ऊत आला, तेव्हा मुंबई राज्याने त्यांवर नियंत्रण व कर बसविला, आणि १९५५ मध्ये केंद्राने बक्षीस-स्पर्धांचा कायदा करून बक्षिसांच्या रकमेस मर्यादा घातली. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये असा निर्णय दिला की, जुगाराच्या स्वरूपाच्या उद्योगास घटनेने दिलेल्या व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण मागता येत नाही. तथापि राज्यसंस्थेने सोडतीचा सर्वथा त्याग केला असे नव्हे. १९६९ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र राज्याची स्वतःची सोडत सुरू झाली. तीत तिकिटाची किंमत, बक्षिसांची संख्या आणि सोडतीचा दिवस उघडपणे छापलेला असे.

मालाबरोबरच्या बक्षिसाचा विचार कायद्याने स्वतंत्रपणे केला तो १९८४ मध्ये. मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथांच्या कायद्यात त्या वर्षी अनुचित व्यापारप्रथांची व्याख्या घालण्यात आली. जे दान फुकट म्हणून दाखविले जाते त्याची किंमत मालाच्या किमतीतच धरलेली असेल, किंवा खप वाढविण्यासाठी सोडत वा नशिबाचा खेळ योजला जात असेल, तर ती प्रथा अनुचित होय, असा तिचा आशय होता. हाच आशय पुढे ग्राहकसंरक्षणाच्या कायद्यात आला. २०१९ च्या कायद्यात योजनेचा अंतिम निकाल सहभागी लोकांपासून दडवून ठेवणे हेही अनुचित प्रथेत धरले आहे. १८८९ मध्ये कापडाची लांबी ताग्यावर छापण्यास लावणारा न्याय आणि २०१९ मध्ये निकाल उघड करण्यास लावणारा न्याय मूलतः एकच आहे. गिऱ्हाइकाने आत काय आहे हे जाणून मोल द्यावे, हा तो न्याय होय. चित्रपानांचे पाकीट या न्यायाला पुरते वश होत नाही, कारण आत काय आहे हे न कळणे हाच त्या मालाचा गुण म्हणून विकला जातो.

७

इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न मात्र गिऱ्हाइकाच्या प्रश्नाहून वेगळा आहे. त्याला जुने पान किती किमतीचे हे जाणण्यापेक्षा ते कोठून आले हे जाणण्याची गरज अधिक असते. ताग्यावरील तिकिटावर किंवा काडेपेटीच्या छापावर सन क्वचितच असतो. कोणत्या घरी, कोणत्या पेटीत, कोणत्या इतर कागदांच्या शेजारी ते सापडले, यावरूनच त्याचा काळ आणि त्याचा प्रवास ठरविता येतो. हा संबंध तुटला म्हणजे चित्र राहते आणि पुरावा नाहीसा होतो. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुनी छापील चित्रे, काडेपेट्यांचे छाप आणि चित्रपटांची भित्तिपत्रके विक्रीस येतात, त्यांची ही स्थिती झालेली असते. ती मूळ छापाची असतात, परंतु कोणाच्या घरची हे सांगण्यास कोणी उरलेले नसते. जुने पान नव्या पाकिटात घालण्याची रीत हा तुटलेपणा पूर्णत्वास नेते. तेथे वस्तूचा पूर्वेतिहास मुद्दाम पुसला जातो, कारण तिच्या आगमनातील आश्चर्य हाच तिचा नवा इतिहास म्हणून विकावयाचा असतो.

याच्या उलट दिशेने जाणारे उदाहरण पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या अशा नित्याच्या वापरातील वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या. आपल्या दिवंगत मुलाच्या नावे उभारलेले हे संग्रहालय त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. या वस्तूंतील बहुतेकांना बाजारात मोठे मोल नव्हते. त्या एकत्र आल्यामुळे मात्र एका समाजाचे घर कसे होते हे दिसू लागले. एका अडकित्त्याचे महत्त्व दुसरा अडकित्ता नष्ट झाल्याने वाढत नाही. उलट दुसरा शेजारी असल्यामुळेच पहिल्याचा अर्थ अधिक कळतो. संग्राह्य पानांच्या बाजारातील हिशेब आणि संग्रहालयातील हिशेब यांतील मूलभूत विरोध तो हाच. बाजारात उरलेल्या एका पानाची किंमत हरवलेल्या शंभर पानांनी वाढते. इतिहासाला त्या शंभरांच्या हरवण्याने केवळ तोटाच होतो.

मालाबरोबर आलेल्या चित्रांचा महाराष्ट्रातील साठा आता झपाट्याने नाहीसा होत आहे. पत्र्याच्या पेट्या मोडीत निघत आहेत आणि जुन्या भिंती पाडल्या जात आहेत. मळवलीच्या छापखान्यासही १९७२ मध्ये आग लागली. जे उरले आहे त्याला उद्या किंमत येईल, आणि किंमत आली की ते गठ्ठ्यांतून, लिलावांतून, कदाचित अशाच एखाद्या नशिबाच्या पाकिटातून देशोदेशी पांगेल. तत्पूर्वी त्याची नोंद होणे अगत्याचे आहे. ही नोंद मुंबई-पुण्याच्या दुकानांत बसून होण्यासारखी नाही. ज्या लोहमार्गाने ही चित्रे आली, त्या मार्गावरील मळवलीपासून खुटबाव-दौंडपर्यंतच्या गावांत ती करावयास हवी. प्रत्येक घरच्या संमतीने पेटीचे झाकण उघडून, चित्र न सोडविता, त्याचे माप, त्यावरील अक्षरे, शेजारचे कागद आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत उतरून घेतली पाहिजे, आणि छायाचित्र घेऊन चित्र जेथल्या तेथे राहू दिले पाहिजे. झाकणापासून सोडविलेले चित्र संग्राहकाच्या कामाचे असेल. इतिहासाच्या कामाचे चित्र झाकणासकट असावे लागते.